विलापिनीची रिकामी जागा : मराठी परंपरेतील शोकाच्या रूपांतराविषयी

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे एकमेकींपासून फार दूर नसलेल्या दोन वास्तू आहेत. पहिली लखुजीराव जाधवरावांचा राजवाडा. जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून तो ओळखला जातो आणि दरवर्षी १२ जानेवारीला तेथे फार मोठा जनसमुदाय जमतो. दुसरी वास्तू लखुजीरावांची समाधी. शके १५५१ च्या श्रावणी पौर्णिमेस, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजी, दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. बाप, दोन भाऊ आणि भाचा यांना एकाच दिवशी गमावणाऱ्या जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. शिवाजी महाराजांची आज मान्य असलेली जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही आहे. हत्या आणि जन्म एकाच शकातले आहेत; दोहोंमध्ये सात महिन्यांहूनही कमी अंतर आहे. श्रावणी पौर्णिमा हा दिवस पुढे भावाबहिणीच्या सणाशी जोडला गेला, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने गौण असली तरी वाचकाच्या मनातून सहजासहजी जात नाही.

हे प्रसंग मराठी वाङ्मयाने अनेकदा हाताळले आहेत. परंतु त्या सात महिन्यांतील जिजाबाई, म्हणजे शोक करणारी जिजाबाई, या वाङ्मयात कोठे आहे, असा प्रश्न केला तर उत्तर देणे कठीण जाते. माता आहे, मार्गदर्शिका आहे, न्याय करणारी आहे, स्वप्न पाहणारी आहे. पुतळ्यांतून आणि कॅलेंडरवरील चित्रांतून दिसते ती बालशिवाजीला जवळ घेऊन दूरवर पाहणारी स्त्री. रडणारी स्त्री नाही. ही अनुपस्थिती एका व्यक्तिरेखेपुरती मर्यादित आहे, की मराठी परंपरेच्या घडणीतच शोक करणाऱ्या व्यक्तीला टिकून राहण्यास जागा नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ने या प्रश्नाचे एक सूत्र हाती दिले आहे. शिवकालातच रचल्या गेलेल्या या संस्कृत काव्यात जाधवरावांच्या हत्येची कथा आहे आणि जिजाबाईंच्या डोहाळ्यांचे वर्णनही आहे. हे डोहाळे पराक्रमाचे आहेत : आरोहणाचे, शस्त्रांचे, सिंहासनाचे. महाकाव्याच्या संकेतानुसार भावी वीराच्या मातेला असेच डोहाळे लागावे लागतात, हे खरे. तथापि ज्या महिन्यांत माहेरचे सुतक संपलेही नसेल अशा महिन्यांचे हे वर्णन आहे. कवीने शोक नाकारलेला नाही. त्याने तो वीररसाच्या पोटात घातला आहे. पुढच्या काळातील नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच केले. बापाच्या रक्ताचा सूड, पारतंत्र्याची चीड, स्वराज्याची आस अशी साखळी तयार झाली आणि अश्रू हा त्या साखळीतील केवळ पहिला, शक्य तितक्या लवकर मागे टाकावयाचा दुवा ठरला.

जिजाबाईंच्या वाट्याला आलेला हा एकच शोक नव्हता. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडला. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्या वेळी जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना मोठ्या कष्टाने थांबविले, असे बखरपरंपरा सांगते. हा प्रसंग नीट वाचावयास हवा. विधवेसमोर त्यात दोनच वाटा आहेत : अग्नी किंवा राजमातेचे पद. पतीच्या मृत्यूनंतर दहा वर्षे जगलेली, १७ जून १६७४ रोजी पाचाडला देह ठेवीपर्यंत आपल्या मृतांची आठवण वागवीत राहिलेली एक वृद्धा, ही तिसरी शक्यता बखरकाराला दिसत नाही. दिसली असती तरी तिचे काय करावयाचे, हे त्याच्या कथनप्रकाराला ठाऊक नव्हते.

दगडांनीही हीच साक्ष दिली आहे. महाराष्ट्रभर विखुरलेल्या वीरगळांची रचना परिचित आहे : खाली लढाई आणि मृत्यू, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. मरण आणि मोक्ष यांच्यामधला प्रवास दोन-तीन कप्प्यांत पुरा होतो. ज्या गावासाठी, ज्या गुरांसाठी तो मेला त्या गावातील रडणारे कोणी या कप्प्यांत सहसा नसते. सतीशिळेवर कोपरात वाकवून उंचावलेला, बांगड्या भरलेला हात असतो, सूर्यचंद्र असतात. म्हणजे जी मृतामागोमाग गेली तिला शिळा मिळाली. जी मागे राहिली, जिने बांगड्या फोडल्या आणि दुसऱ्या दिवशी गुरांना पाणी दाखविले, तिच्यासाठी दगड घडविला गेला नाही. स्मारककलेच्या दृष्टीने शोक करणारी व्यक्ती ही अपूर्ण घटना होती, असे म्हणावे लागते.

शोक करणाऱ्याविषयी हा संकोच केवळ मराठी नाही. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की आप्तांनी गाळलेले अश्रू आणि कफ मृताला इच्छा नसताना प्राशन करावे लागतात; म्हणून रडू नये, क्रिया करावी. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त इंदुमतीसाठी विलाप करणाऱ्या अजाला वसिष्ठाचा जो निरोप येतो त्यातही हीच धारणा आहे. अज मात्र त्या निरोपाने सावरत नाही, हा कालिदासाचा मोठेपणा. ग्रीसमध्ये सोलोनने स्त्रियांच्या विलापावर कायद्याने मर्यादा घातल्या होत्या; प्लेटोने आपल्या आदर्श नगरातील काव्यातून वीरांचे रडणे काढून टाकावयास सांगितले. इस्लामच्या धर्मशास्त्रातही मोठ्याने आक्रोश करण्याला नापसंती आहे, आणि तरीही मोहरमच्या मर्सियांमध्ये करबलाच्या स्त्रियांचा विलाप हाच काव्याचा प्राण झाला. धर्म, राज्य आणि तत्त्वज्ञान या तिन्ही सत्तांना रडणारी स्त्री अडचणीची वाटत आली आहे. तिच्या रडण्यात मृताचे गुणगान असते तसेच जिवंतांवरचे आरोपही असतात, हे यामागील एक कारण असावे. महाभारताचे स्त्रीपर्व हे याचे सर्वांत प्रखर उदाहरण. गांधारी रणभूमीवर एकेका प्रेताजवळ थांबते, नावे घेते, आणि अखेरीस कृष्णाला शाप देते. विलाप तेथे खटल्याचे रूप घेतो.

संस्कृत काव्यशास्त्राने शोकाला स्थायिभावाचे स्थान दिले, करुणाला रसांत बसविले. मग विलापिनीला जागा नाही असे कसे म्हणता येईल, असा आक्षेप येथे संभवतो. तो महत्त्वाचा आहे. भरताने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद नेमका सांगितला आहे : विप्रलंभात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती नसते. एक सापेक्ष आहे, दुसरा निरपेक्ष. रसव्यवस्थेतील हा कदाचित सर्वांत मानवी भेद आहे, कारण तो भावनेच्या तीव्रतेवर नव्हे तर काळाच्या जाणिवेवर उभा आहे. विरहिणीला उद्या आहे, विलापिनीला नाही. आणि नेमका हाच भेद परंपरेला फार काळ सांभाळता आला नाही. आदिकाव्याच्या जन्मकथेचेच पाहावे. ‘रामायणा’त निषादाच्या बाणाने नर क्रौंच मरतो आणि क्रौंची आक्रंदते. ‘ध्वन्यालोका’च्या प्रचलित पाठात मात्र मारली गेली आहे ती सहचरी, आणि आक्रंदतो तो क्रौंच, शिवाय त्याच्या अवस्थेसाठी योजलेला शब्द विरहाचा आहे. अभ्यासकांनी या पाठाची अनेक प्रकारे संगती लावली आहे. पण संगती कोणतीही लावली तरी काव्यशास्त्राच्या मध्यवर्ती दृष्टांतात रडणाऱ्या मादीची जागा सरकली आणि शोक विरहाच्या भाषेत बोलू लागला, हे उरतेच. अभिनवगुप्ताने तर हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये, असे बजावले. दुःखाने व्याकूळ असलेला माणूस श्लोक रचू शकणार नाही, हा त्याचा युक्तिवाद. तो तर्कशुद्ध आहे. मात्र जात्यावर बसून आपल्या मृत आईविषयी ओवी रचणाऱ्या बाईने हा युक्तिवाद ऐकला असता तर ती जात्याचा खुंटा क्षणभर थांबवून हसली असती.

या सरकण्याचे चित्ररूप उदाहरण बुलढाण्याच्या जवळच आहे. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगांवर वसले आहे त्याच रांगांत अजिंठ्याची लेणी आहेत. सोळाव्या लेण्यातील एक चित्र एकोणिसाव्या शतकापासून ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध आहे. मागे रेललेली, गळून गेलेली स्त्री, तिला सावरणाऱ्या सख्या, चिंतेने झुकलेले चेहरे. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ही स्त्री मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी आहे. नंदाने भिक्षुव्रत घेतल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट सेवकाने आणून दाखविला आहे आणि तो पाहून ती कोसळली आहे. कथा अश्वघोषाच्या ‘सौंदरनंदा’मुळे परिचित आहे. नवरा जिवंत आहे, पण परतणार नाही. हा विरह की शोक? भरताचा निकष लावला तर येथे पुनर्भेटीची अपेक्षा संपली आहे, मृत्यू मात्र नाही. पाहणाऱ्यांनी तिला दीर्घकाळ मरणासन्न समजावे, ही चूक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. चित्रकाराने विरहाला शोकाचे शरीर दिले होते आणि पाहणाऱ्याने ते शरीर बरोबर ओळखले. कथा तेवढी चुकीची लावली.

सव्विसाव्या लेण्यात याच्या उलट आहे. तेथे महापरिनिर्वाणाचे विशाल शिल्प आहे : उजव्या कुशीवर पहुडलेले सुमारे सात मीटर लांबीचे बुद्ध, वर स्वर्गीय वादक आणि देवगण, खाली शोक करणारे भिक्षू आणि उपासक. पाली परंपरेतील ‘महापरिनिब्बान सुत्ता’त आनंद विहाराच्या दाराला टेकून रडतो आणि बुद्ध त्याला बोलावून समजावतात. अनित्यतेचे तत्त्व ज्यांनी पूर्ण आत्मसात केले आहे ते भिक्षू शांत राहतात. ज्यांचे राग अजून गेलेले नाहीत ते बाहू पसरून आक्रोश करतात. म्हणजे सिद्धांताच्या दृष्टीने रडणे हे अपुरेपणाचे लक्षण आहे. तरीही पाचव्या शतकातील शिल्पींनी त्या अपुऱ्या माणसांना वगळले नाही. उलट पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतात ती तीच माणसे. बुद्धांचा चेहरा पाहण्यासाठी नजर वर न्यावी लागते. रडणारे समोरच असतात. महाराष्ट्राच्या भूमीवरील शोक करणाऱ्यांचे हे सर्वांत मोठे स्मारक आहे, आणि ते वीरगळांच्या व सतीशिळांच्या पूर्वीचे आहे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

मराठी वाङ्मयाचा आरंभच एका शोकातून झाला, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. मेहकर आणि लोणार ही बुलढाणा जिल्ह्यातील दोन्ही स्थाने चक्रधरांच्या भ्रमणाच्या संदर्भात ‘लीळाचरित्रा’त येतात. पण ‘लीळाचरित्र’ घडले ते चक्रधरांच्या सान्निध्यात नव्हे, त्यांच्या पश्चात. चक्रधर गेले, पुढे रिद्धपूरला गोविंदप्रभूही गेले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत बसलेले म्हाइंभटांना दिसतात. तुमच्यामागे हे कसे टिकणार, या चिंतेतून संकलनाला आरंभ होतो, आणि म्हाइंभट गावोगाव हिंडून ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून नोंदवून घेतात. शोक करणारा येथे ग्रंथकार होतो. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा एका अर्थाने सुतकातल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींचा संच आहे. प्रत्येक लीळेच्या तपशिलातला तो हट्टी नेमकेपणा, कोठे बसले, काय खाल्ले, कोणाला काय म्हणाले, हा मृताच्या आप्तांच्या बोलण्यात आढळतो त्याच जातीचा आहे.

परंतु महानुभाव परंपरेच्या दृष्टीने चक्रधर मृत नाहीत. ते उत्तरापंथे गेले. त्यांच्या अभावाला पंथाची संज्ञा आहे ती असन्निधान. सन्निधान संपले, असन्निधान सुरू झाले. साधकाचे कर्तव्य स्मरण आणि अटन. या एका शब्दाने शोकाचे विरहात रूपांतर झाले. जो गेला तो कोठेतरी आहे, म्हणून अपेक्षा आहे. अपेक्षा आहे म्हणून साधना आहे. रूपांतराची ही क्रिया पंथाला सातशे वर्षे टिकवून ठेवण्यास समर्थ ठरली, हे तिचे यश. पण भटोबासांच्या मनात त्या पहिल्या काही महिन्यांत जे होते ते असन्निधान होते की निखळ शोक, हा प्रश्न ‘स्मृतिस्थळ’ वाचताना पुन्हा पुन्हा उभा राहतो. सिद्धांत विरहाचा आणि आवाज शोकाचा, अशी ती संहिता आहे.

वारकरी परंपरेत ज्ञानेश्वरांच्या समाधीचा प्रसंग (कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, इ.स. १२९६) याहून कठीण आहे. ही संजीवन समाधी आहे; म्हणजे व्याख्येनेच मृत्यू नाही. मग शोकाला आधार कोणता? नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांनी या तर्काला जुमानलेले नाही. तेथे निवृत्तिनाथ, जे गुरू आहेत आणि ज्यांना हे सर्व आधीच ठाऊक असावयास हवे, तेच सर्वांत आधी फुटतात. भावंडे, संतमंडळी, पशुपक्षी यांच्याबरोबर विठ्ठलही व्याकूळ होतो. देव स्वतः शोक करणाऱ्यांत उभा आहे, ही कल्पना मराठी काव्यातील अत्यंत धाडसी कल्पनांपैकी एक आहे. धर्माने ज्या शोकाला अनावश्यक ठरविले तो देवाच्याच डोळ्यांत ठेवून कवीने सिद्धांताची वाटच अडवली. या अभंगांचे कर्तृत्व, त्यांतील थर, नामदेवांच्या नावाने मिसळलेली उत्तरकालीन रचना, हे प्रश्न संशोधकांचे आहेत आणि ते सुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. समाधीच्या अभंगांत शोकाचे रूपांतर होत नाही, तो कशातही विरघळत नाही, हे संहितेवरून दिसते. प्रकरण संपते तेव्हाही माणसे रडतच असतात. परंपरेने या अभंगांना वार्षिक सोहळ्यात स्थान दिले, म्हणजे रडण्याला एक तिथी दिली. ही तडजोड असेल, पण सतीशिळेपेक्षा ती निश्चितच सहृदय आहे.

आधुनिक कवितेत विलापिका हा प्रकार इंग्रजी काव्याच्या संपर्कातून आला आणि बहुतांशी पुरुष कवीने पुरुषासाठी किंवा पत्नीसाठी रचलेला राहिला. त्याचा विस्तार येथे आवश्यक नाही. गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता मात्र टाळता येत नाही, कारण तिच्यातील मातेने शोकाचे रूपांतर नाकारण्याची एक वेगळीच युक्ती शोधली आहे : मृत्यूच नाकारणे. मूल झोपले आहे, असे ती सांगते आणि जमलेल्यांना दूर ठेवते. फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोक हे एक काम आहे, मृतापासून मन एकेका आठवणीने सोडवून घेण्याचे काम आहे, असे म्हटले होते. गोविंदाग्रजांची माता ते काम सुरू करण्यासच नकार देते. कविता अनेक पिढ्यांना रडवीत आली. पण ती रडवते वाचकाला. माता स्वतः रडत नाही. विलापिनीची जागा येथेही रिकामी आहे आणि ती भरून काढण्याचे काम कवीने मोठ्या कौशल्याने वाचकावर सोपविले आहे. या कौशल्यात थोडा रंगभूमीचा अंश आहे, असे म्हटल्याने कवितेचा अवमान होऊ नये.

याच्या शेजारी बहिणाबाई चौधरी ठेवल्या म्हणजे फरक कळतो. असोदे आणि जळगाव ही त्यांची गावे. मलकापूर, जळगाव जामोदकडच्या वाचकाला त्यांची बोली परकी वाटत नाही. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांत या अनुभवाची कविता आहे. तिच्यात कुंकू पुसले गेल्यावर कपाळावर उरलेले गोंदण आहे आणि बांगड्या फुटल्यावर उरलेले मनगट आहे. येथे शोकाचे कोणत्याही उच्च भावात रूपांतर होत नाही. तो कामाशेजारी बसतो. गोंदण पुसले जात नाही ही वस्तुस्थिती आहे, तिचे प्रतीक करण्याची घाई कवयित्रीला नाही. म्हणूनच ते प्रतीक झाले. बहिणाबाईंच्या कवितेला सोशिकतेची आणि आशावादाची कविता म्हणण्याची जी सवय मराठी समीक्षेला लागली ती याच जागी तपासली पाहिजे. आशावाद म्हटला की विधवेचे दुःख ऐकण्याची जबाबदारी संपते.

बहिणाबाईंच्या मागे उभी आहे ती जात्यावरची ओवी. गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून लाखभर ओव्या संकलित झाल्या. आईबापांच्या मृत्यूच्या, अहेव मरणाच्या इच्छेच्या ओव्या त्यांत आहेत. पण ओवी म्हणजे विलाप नव्हे. ओवी शोकानंतरची आहे, पहाटेची आहे, दळणाच्या लयीत बसलेली आहे. प्रत्यक्ष मयताच्या घरी जे होते ते वेगळे. वऱ्हाडातील खेड्यांत अजूनही माहेरवाशीण मयताची खबर ऐकून गावात शिरते तेव्हा हेल काढून रडते. आधीच बसलेल्या बायका तिच्या गळ्यात पडतात आणि रडण्याचा सूर वाढतो. त्या सुरात शब्द असतात : मृताशी असलेले नाते, त्याने केलेले उपकार, राहून गेलेली कामे, आणि मधूनच दिराला, सुनेला, देवाला मारलेले टोमणे. रचना तेथल्या तेथे होते आणि तेथेच विरते. तेरवीपर्यंत सूर उतरत जातो. गांधारीचा खटला येथे लहान न्यायालयात रोज चालतो. मराठीत या मौखिक प्रकाराला सर्वमान्य पारिभाषिक नावसुद्धा नाही. ‘रुदाली’ हा शब्द मराठी वाचकाला मिळाला तो महाश्वेतादेवींच्या कथेवरून १९९३ साली आलेल्या चित्रपटामुळे, आणि तोही मोलाने रडणाऱ्या राजस्थानी स्त्रियांसाठी. आपल्या ओसरीवर बिनमोल रडणाऱ्यांसाठी समीक्षेकडे जो शब्द आहे तो ‘रडगाणे’. त्यातील तुच्छता सांगण्याची गरज नाही.

गेल्या तीन दशकांत या प्रश्नाला वेगळी धार आली. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांपैकी एक; २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदतीच्या योजनेतील सहा जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. या काळात शोक करणाऱ्या व्यक्तीचे एक नवे चित्र वृत्तपत्रांनी रूढ केले : दारात बसलेली तरुण विधवा, मांडीवर पतीची चौकटीतली, हार घातलेली तसबीर. युरोपीय कलेतील मातेच्या मांडीवरचा पुत्र येथे चौकटीत आला आहे. फरक असा की मायकेलअँजेलोची मेरी पाहणाऱ्याकडे पाहत नाही. या स्त्रीला कॅमेऱ्याकडे पाहावयास सांगितलेले असते.

याच प्रदेशातील साहित्याने या चित्रापासून जाणीवपूर्वक अंतर ठेवले, हे नोंदविणे आवश्यक आहे. अमडापूरच्या (ता. चिखली) सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी म्हटले जाते. परंतु तिचे सामर्थ्य दुःखाच्या प्रदर्शनात नाही. शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि त्याचे घर यांच्या वाट्याला जो शोक येतो त्याला एकच एक मृत नाही. बी-बियाणे, बाजार, नाती, बोली, पाऊस यांनी बांधलेली एक जगण्याची रीत मरते आहे आणि तिचे सुतक पाळावयाचे कोणी, हे ठरलेले नाही. ज्याचा अंत्यविधी होऊ शकत नाही अशा मृताचा हा शोक आहे. म्हणून तो बारमाही आहे. फ्रॉइडच्या भाषेत हे काम कधीच पुरे होणारे नाही. कादंबरीची लांबण आणि तपशिलांची दाटी यांविषयी काही समीक्षकांनी नाराजी व्यक्त केली असली तरी ‘लीळाचरित्रा’च्या संदर्भात जे म्हटले ते येथेही लागू पडते. जे जाणार आहे त्याची मोजदाद संक्षेपाने करता येत नाही.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात याहून विलक्षण कल्पना आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यापासून किसनाच्या पत्नीला, अलकाला, नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती त्याच्यावर पाळत ठेवते, मुलाला त्याच्या मागे पाठविते, त्याला गोडधोड करून घालते. म्हणजे मृत्यू घडण्यापूर्वीच ती शोकात आहे. प्रेक्षक हसतो, कारण तिच्या धास्तीचे प्रसंग विनोदी आहेत. भरताचा निकष येथे पूर्ण उलटा होतो : विरहिणीला पुनर्भेटीची अपेक्षा, विलापिनीला अपेक्षा नाही, आणि अलकाला मृत्यूचीच अपेक्षा. या तिसऱ्या अवस्थेसाठी काव्यशास्त्राने खण ठेवलेला नाही.

आणि मृत्यू घडल्यानंतरचे काय? शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी आत्महत्या पात्र ठरावी लागते. त्यासाठी शेत मृताच्या अथवा कुटुंबाच्या नावे असल्याचा सातबारा, कर्जाची नोंद आणि वसुलीच्या तगाद्याचा पुरावा लागतो. जमीन सासऱ्याच्या नावे असेल, कर्ज सावकाराचे असेल, तर प्रकरण अडचणीत येते. पात्र ठरलेल्या प्रकरणात तीस हजार रुपये हाती आणि उरलेले सत्तर हजार ठेवीत, अशी योजनेची रचना होती. वीररसात किंवा विरहात होणारे रूपांतर निदान भावांच्या क्षेत्रातील होते. येथे विलापाला पंचनाम्याची भाषा शिकावी लागते. मयताच्या घरी हेल काढून जी दिराला, सावकाराला, पावसाला नावे ठेवीत होती, तिलाच काही आठवड्यांनी तहसील कचेरीत तीच हकिकत रकान्यांत भरून द्यावी लागते : मृताचे नाव, मृत्यूचे कारण, अर्जदाराचे मृताशी नाते.